चहूबाजूंनी आत पडणारा वायू: बॉन्डीचं गणित कोडमध्ये उतरवताना

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरातला एक एम.एस्सी.चा विद्यार्थी प्रोजेक्टसाठी कृष्णविवरावर सगळ्या दिशांनी सारख्याच पडणाऱ्या वायूचा कोड पायथनमध्ये लिहितोय. लांबच्या अंतरावर एक छोटासा वेग धरून तो समीकरण सोडवत आत येतो. कधी कोड मध्येच ‘एनएएन’ (नॉट अ नंबर, म्हणजे उत्तर आकडाच नाही) देऊन बसतो, तर कधी वेग छान वाढत जातो आणि एका जागी पोचून पुन्हा कमी व्हायला लागतो. सुरुवातीचा वेग किती धरायचा, आणि गाईडनी सांगितलेला ०.२५ हा हर्मन बॉन्डी या शास्त्रज्ञाच्या सूत्रातला आकडा कुठून आला, हे त्याला विचारायचंय.

तुमचा कोड बहुधा बरोबर आहे. बिघडलीय ती सुरुवातीची जागा. बाहेरचा वेग ही तुम्ही ठरवायची गोष्टच नाही. बाहेर तुमच्या हातात दोनच गोष्टी आहेत, घनता आणि तापमान (म्हणजेच ध्वनिवेग). वायू किती वेगाने आत सरकेल आणि सेकंदाला किती माल पडेल, हे आतली एक जागा ठरवते. वायूचा वेग तिथे ध्वनिवेगाएवढा होतो, म्हणून तिला सोनिक पॉइंट म्हणतात. गणित तिथून सुरू करा, दोन्ही तक्रारी एकदम मिटतील.

आता कारण बघू. सोयीसाठी वायूचं तापमान सगळीकडे सारखं धरा, म्हणजे ध्वनिवेगही सगळीकडे एकच. अंतर ‘र’ हे सोनिक पॉइंटच्या अंतरात मोजा आणि आत येण्याचा वेग ‘व’ ध्वनिवेगात मोजा. वस्तुमान टिकतं आणि संवेग टिकतो, या दोन अटी एकत्र केल्या की उरतं ते एवढंच:

(व − १/व) × (र बदलताना व बदलण्याचा दर) = २/र − २/र²

डावीकडचा कंस ‘व’ एक झाला की शून्य होतो. उजवी बाजू ‘र’ एक झाला की शून्य होते. वेग ध्वनिवेगाएवढा होण्याची वेळ आणि उजवी बाजू शून्य होण्याची जागा जुळली नाही, तर शून्याने भागायची पाळी येते. तुम्ही बाहेर धरलेला वेग हवा त्यापेक्षा केसभर जास्त असेल, तर ‘व’ आधीच एकवर पोचतो, उजवी बाजू अजून शून्य झालेली नसते, उतार अनंत होतो आणि स्क्रीनवर ‘एनएएन’ येतं. केसभर कमी असेल तर उजवी बाजू आधी शून्य होते, वेगाची वाढ तिथेच थांबते आणि पुढे तो उतरायला लागतो. तुम्हाला दिसलेल्या दोन्ही गोष्टी याच. बरोबर वेग या दोहोंच्या मधल्या एका सुईच्या टोकावर आहे. र = १० वर त्याची किंमत ध्वनिवेगाच्या साधारण ३.७ टक्के येते, पण दशांशचिन्हापुढे कितीही अंक लिहा, आत येता येता राउंड-ऑफची चूक वाढतच जाते आणि गाडी शेवटी अलीकडे किंवा पलीकडे घसरते. स्टेप लहान केल्याने हे सुटत नाही.

कोल्हापुरात राहता, म्हणजे राजाराम बंधारा पाहिलेला असणारच. बरगे घातलेले असतात आणि पाणी माथ्यावरून सांडत असतं, तेव्हा वरच्या अंगाला पंचगंगा संथ असते आणि माथा ओलांडताच वेग घेते. सेकंदाला किती पाणी सांडणार हे वरची पातळी आणि माथा मिळून ठरवतात. खाली काय चाललंय याचा वर पत्ता नसतो, कारण पाण्यावरची लाट त्या वेगाविरुद्ध चढू शकत नाही. पण खालचं पाणी चढून माथा बुडाला की हिशेब बदलतो. आता खालची पातळी वरच्या प्रवाहाला दाबू लागते आणि विसर्ग कमी होतो. आपल्या वायूत लाटेच्या जागी ध्वनी आहे आणि माथ्याच्या जागी सोनिक पॉइंट. तुमचा दुसरा निकाल, वेग पुन्हा कमी होणारा, म्हणजे बुडालेला बंधारा. गणितात तो चुकीचा नाही, पण तो टिकायला आतून कुणीतरी दाब देत राहावं लागतं. कृष्णविवराला पृष्ठभागच नाही, त्यामुळे परत ढकलणारं तिथे कुणी नाही. म्हणून सोनिक पॉइंट ओलांडणारा प्रवाह घ्यायचा. न्यूट्रॉन ताऱ्याला पृष्ठभाग आहे, तिथे वायू आपटून शॉक (दाब आणि घनता एकदम उडी मारतात अशी सीमा) तयार होतो. पण शॉक सोनिक पॉइंटच्या आत असेल तोवर बाहेरचं सगळं गणित हेच राहतं.

मग करायचं काय? र = १, व = १ वर उभे राहा. तिथे समीकरण शून्य भागिले शून्य असं होतं, म्हणून दोन्ही बाजूंचं एकदा डिफरन्सिएशन करा (लोपिटालचा नियम). डावीकडे उताराच्या वर्गाची दुप्पट येते, उजवीकडे २ येतात. म्हणजे उतार अधिक एक किंवा उणे एक. उणे एक म्हणजे बाहेर जाताना वेग कमी आणि आत येताना जास्त. हा आपला. अधिक एक म्हणजे उलट, बाहेर जाताना वेग वाढत जाणारा. हा सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत बाहेर वाहणारा वायू, यूजीन पार्करने १९५८ साली मांडलेला. समीकरण एकच, प्रवाहाची दिशा तेवढी उलटी. तर पहिलं पाऊल र = ०.९९९, व = १.००१ असं टाका आणि आत जा; मग पुन्हा र = १.००१, व = ०.९९९ पासून बाहेर जा. सोनिक पॉइंटपासून दूर जाताना चुका वाढत नाहीत, दबतात. साधा रुंगे-कुट्टाही (पायरी-पायरीने समीकरण सोडवायची नेहमीची पद्धत) पुरतो.

खरं तर समीकरण पायरी-पायरीने सोडवायचीही गरज नाही, आणि प्रोजेक्टसाठी मी तरी ते करणार नाही. त्याचा इंटिग्रल हातात आहे (लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग):

व²/२ − लॉग व − २ लॉग र − २/र = −१.५

प्रत्येक ‘र’साठी यातून ‘व’ काढायचा. मुळं दोन निघतात, एक ध्वनिवेगाच्या खालचं आणि एक वरचं. र एकपेक्षा मोठा असेल तर शून्य ते एकमध्ये शोधा, लहान असेल तर एकच्या वर. बायसेक्शन (शोधायचा टप्पा दर वेळी अर्धा करत जायची पद्धत) घाला, संपलं. न्यूटन-रॅफसन (उताराच्या आधाराने मुळाकडे झेप घेणारी पद्धत) घालायचा मोह होतो, पण र = १ च्या आसपास दोन्ही मुळं एकमेकांना चिकटतात आणि तो भलत्याच मुळावर उडी मारतो. पडताळ्यासाठी दोन आकडे देतो: र = २ ला व ०.४५८ यायला हवा आणि र = ०.५ ला १.८६३. र = २ ला तुम्हाला १.६७४ मिळाला, तर तुम्ही सौरवाऱ्याच्या फांदीवर आहात.

आता ०.२५. बॉन्डीचं उत्तर असं आहे: सेकंदाला पडणारं वस्तुमान = ४ × पाय × लॅम्डा × (जी × वस्तुमान)² × लांबची घनता ÷ लांबच्या ध्वनिवेगाचा घन. यातला जी हा गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक. लॅम्डा हा निव्वळ आकडा आहे, आणि तो वायू दाबल्यावर किती तापतो यावर, म्हणजे गॅमावर अवलंबून असतो (दाब हा घनतेच्या गॅमाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो असं धरलंय). तापमान स्थिर असेल तर गॅमा १, आणि सोनिक पॉइंटवरची घनता लांबच्या घनतेच्या ई च्या दीड घाताइतकी, म्हणजे ४.४८ पट निघते. सोनिक पॉइंट जी × वस्तुमान ÷ ध्वनिवेगाचा वर्ग या अंतराच्या अर्ध्यावर असतो. या अंतराला बॉन्डी त्रिज्या म्हणू या. अर्ध्याचा वर्ग गुणिले ४.४८ म्हणजे १.१२, आणि हाच गॅमा १ साठीचा लॅम्डा. गॅमा ४/३ असेल तर ०.७०७, १.४ असेल तर ०.६२५, आणि ५/३ असेल तर ०.२५. म्हणजे तुमच्या गाईडनी एकाणू वायू धरलाय, जो आत पडताना उष्णता मुळीच बाहेर टाकत नाही. तुम्ही कोडमध्ये तापमान स्थिर ठेवलं असेल, तर ०.२५ जन्मात मिळणार नाही. दोघांनी बसून एकच गॅमा ठरवा.

पण गॅमा ५/३ घेतला की विषय हार्ड होतो. लांबच्या ध्वनिवेगाने मोजलेल्या बॉन्डी त्रिज्येच्या हिशेबात सोनिक पॉइंट (५ − ३ गॅमा) ÷ ४ इतक्या अंतरावर असतो: गॅमा ४/३ ला पाव, १.४ ला एक पंचमांश आणि ५/३ ला शून्य. म्हणजे तो थेट केंद्रात जातो. वायू पडता पडता इतका तापतो की ध्वनिवेग त्याच्या वेगाबरोबर वाढत राहतो आणि न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणात तो ध्वनीला कधीच मागे टाकत नाही. म्हणून कोड शिकण्यासाठी ५/३ हा वाईट गुरू आहे. आधी १.४ किंवा ४/३ वर कोड उभा करा, लॅम्डा जुळवा, मग पुढचं.

इथे थोडा इतिहास. फ्रेड हॉईल आणि रेमंड लिटलटन यांनी १९३९ साली हा विषय हाती घेतला तो कृष्णविवरांसाठी नव्हे. सूर्य आंतरतारकीय वायूच्या ढगातून जाताना त्याच्यावर पडणाऱ्या मालामुळे पृथ्वीचं हवामान बदलत असेल का, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे युद्धात हॉईल आणि हर्मन बॉन्डी रडारच्या कामावर एकत्र आले, १९४४ साली दोघांनी मिळून चालत्या ताऱ्यामागे गोळा होणाऱ्या वायूचं गणित सुधारलं, आणि १९५२ साली बॉन्डीने एकट्याने स्थिर वस्तूवर चहूबाजूंनी पडणाऱ्या वायूचं हे गणित पूर्ण केलं. याच हॉईलकडे केंब्रिजला पीएच.डी. केलेले जयंत नारळीकर १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात जन्मले. आणि त्यांचे वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारसला शिकवत असताना त्यांच्या हाताखाली प्र. चु. वैद्य यांनी १९४३ साली चहूबाजूंनी प्रकाश टाकणाऱ्या ताऱ्याचं सापेक्षतावादी उत्तर काढलं. वैद्य मेट्रिक म्हणतात ते हेच. त्याची दिशा उलटी केली की आत पडणाऱ्या प्रकाशाचं गणित मिळतं. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये परिच्छेदभर लिहायला हरकत नाही.

तुम्ही पुढे काळानुसार चालणारा कोडही लिहिणार आहात (किंवा प्लूटोसारखा तयार कोड वापरणार आहात), म्हणून त्याबद्दल. तिथे सोनिक पॉइंट आपोआप सापडतो, फक्त तुम्ही त्याच्या वाटेत येऊ नका. ग्रिडची (अंतराचे खाने पाडून केलेल्या जाळ्याची) आतली कड सोनिक पॉइंटच्या बरीच आत ठेवा. गॅमा ४/३ असेल तर सोनिक पॉइंट बॉन्डी त्रिज्येच्या ०.२५ वर आहे, कड ०.०५ वर ठेवा. तिथे वायू ध्वनीपेक्षा वेगाने आत जात असतो, त्यामुळे कडेवर जे काही ओबडधोबड कराल (शेवटच्या खान्याच्या किमती पुढे कॉपी केल्या तरी) त्याची बातमी बाहेर येत नाही. कड ०.४ वर ठेवलीत तर तीच कॉपी केलेली किंमत खोटा दाब बनून बाहेरच्या सगळ्या प्रवाहात पसरते, आणि उत्तर दिसायला गुळगुळीत पण चुकीचं येतं. हा प्रकार मी विद्यार्थ्यांच्या ग्राफमध्ये वारंवार पाहतो. ग्राफ इतका देखणा असतो की कुणाला शंकाही येत नाही.

बाहेरच्या कडेवर घनता आणि दाब बांधून ठेवा, वेग मोकळा सोडा. पण तिथे अनंत अंतरावरची घनता टाकू नका. तुमची कड पाच-दहा बॉन्डी त्रिज्यांवर असेल, तर तिथली घनता मूळ घनतेपेक्षा थोडी जास्त असते. वरच्या बीजगणितातून निघणारी किंमत टाका. खाने लॉगच्या मापाने वाढत जाणारे घ्या, नाहीतर आतल्या बाजूला, जिथे सगळी धावपळ आहे, तिथे चार-दोन खानेच उरतात. आणि गोल निर्देशकांत दाबाचं एक जादा पद येतं, २ × दाब ÷ अंतर. स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये ते हमखास सुटतं. ते आहे की नाही पाहायला वस्तुमान शून्य करा आणि सगळीकडे सारखा दाब ठेवून कोड चालवा. वायू जागचा हलला, तर पद सुटलंय किंवा चुकीच्या जागी बसलंय.

स्थिर अवस्था यायला बॉन्डी त्रिज्या ÷ ध्वनिवेग या काळाच्या काही पट वेळ लागतो. ती आली की नाही हे घनतेच्या ग्राफवरून ठरवू नका. प्रत्येक अंतरावर ४ × पाय × अंतराचा वर्ग × घनता × वेग काढा. ही रेघ आडवी सपाट हवी. वाकडी असेल तर अजून थांबा, किंवा कडा तपासा. खूप आत गेल्यावर वेग मोकळ्या पतनाच्या वेगाला टेकायला हवा आणि घनता अंतराच्या उणे दीड घाताने वाढायला हवी (५/३ सोडून, तिथे वेग मोकळ्या पतनाच्या निम्म्यावर राहतो).

खऱ्या जगातले आकडे घालून पाहू. कृष्णविवर सूर्याच्या १० पट वस्तुमानाचं, वायूचा ध्वनिवेग सेकंदाला १० किलोमीटर, घनता दर घनसेंटीमीटरला १० च्या उणे २४ घाताइतके ग्रॅम, म्हणजे सरासरी एक हायड्रोजन अणूसुद्धा नाही. गॅमा ५/३. सेकंदाला सुमारे ५५ लाख टन वायू पडतो. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण याच वेगाने सूर्याच्या १० पट वस्तुमान गोळा करायला १० चा १४ वा घात इतकी वर्षं लागतात, आणि विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं. वस्तुमान वाढलं की पडण्याचा दर त्याच्या वर्गाने वाढतो हे खरं, तरीही असं एकटं कृष्णविवर उपाशीच राहतं. त्यात ते चालत असेल तर आणखी हाल: सूत्रात ध्वनिवेगाच्या वर्गाऐवजी ध्वनिवेगाचा वर्ग अधिक चालीचा वर्ग घालावा लागतो, आणि सेकंदाला १०० किलोमीटर चाल असेल तर दर हजार पटींनी घटतो. इथे बॉन्डी त्रिज्या सुमारे १३३० कोटी किलोमीटर येते, सूर्य ते नेपच्यून अंतराच्या जवळजवळ तिप्पट. कृष्णविवराची त्रिज्या ३० किलोमीटर. या दोन टोकांमध्ये ४५ कोटींचं गुणोत्तर आहे. एका ग्रिडमध्ये दोन्ही बसवायचा हट्ट धरू नका.

आणि आता ज्यासाठी परीक्षक तुम्हाला अडवणार ते. वायू सरळ आत पडतो हे गृहीतक किती नाजूक आहे? बॉन्डी त्रिज्येवर वायूला कक्षेत फिरण्याच्या वेगाच्या फक्त १० टक्के आडवा वेग द्या. कोनीय संवेग टिकतो, म्हणून तो बॉन्डी त्रिज्येच्या एक टक्क्यावर येऊन गोल फिरायला लागतो. आपल्या उदाहरणात ते अंतर १३ कोटी किलोमीटर आहे आणि कृष्णविवर ३० किलोमीटरचं. सरळ गिळला जायचा असेल, तर आडवा वेग कक्षेच्या वेगाच्या ४ × ध्वनिवेग ÷ प्रकाशवेग या पटीपेक्षा कमी हवा. बॉन्डी त्रिज्येवर कक्षेचा वेग ध्वनिवेगाएवढाच असतो, म्हणजे सेकंदाला १० किलोमीटर. हिशेब करा: आडव्या वेगाला मुभा आहे ती सेकंदाला साधारण १.३ मीटरची. ताशी पाच किलोमीटरसुद्धा नाही. आकाशगंगेत एवढा शिस्तीत वागणारा वायू कुठे मिळायचा? म्हणून बॉन्डीचा दर मी बाहेरच्या दारावरची नोंद म्हणून वाचतो. वायू कृष्णविवराच्या ताब्यात किती आला हे त्यातून कळतं, पोटात किती गेला हे नाही.

आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं सॅजिटेरियस ए-स्टार हे कृष्णविवर त्याचं चांगलं उदाहरण. वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट. चंद्रा दुर्बिणीने टिपलेल्या क्ष-किरणांवरून बॉन्डी त्रिज्येजवळच्या गरम वायूची घनता आणि तापमान कळतं, आणि त्यातून बॉन्डीचा दर वर्षाला सूर्याच्या दहा लाखांश ते लाखांश वस्तुमानाइतका निघतो. पण आतून येणाऱ्या रेडिओ लहरींचं ध्रुवीकरण किती वळतं यावरून आतला दर मोजला, तर तो त्याच्या कितीतरी पट कमी, वर्षाला सूर्याच्या अब्जांश ते कोट्यांश एवढाच भरतो. बाकीचा माल वाटेत अडतो किंवा वाऱ्यासारखा परत फेकला जातो. विश्वरचनेच्या मोठ्या सिम्युलेशनमध्ये अडचण उलट्या बाजूची आहे. तिथे ग्रिड इतकं जाडं असतं की बॉन्डी त्रिज्येजवळचा दाट वायू दिसतच नाही आणि दर फार कमी निघतो. म्हणून २००५ पासूनच्या काही प्रसिद्ध कोडांत बॉन्डीच्या दराला सरळ १०० ने गुणलेलं आढळेल. हा आकडा निसर्गातून आलेला नाही, जाड्या ग्रिडची ती भरपाई आहे. तोंडी परीक्षेत कुणी त्याचा उल्लेख केलाच, तर हे सांगा.

प्रोजेक्टला महिनाभर उरला असेल तर फिरणारा वायू घेऊ नका. दोन मितींचा कोड लागतो, चिकटपणाचा प्रश्न येतो आणि रिपोर्ट अर्धवट राहतो. त्यापेक्षा न्यूटनच्या विभवात अंतराऐवजी ‘अंतर उणे कृष्णविवराची त्रिज्या’ घाला. पाचिन्स्की आणि विटा यांनी १९८० साली सुचवलेली ही युक्ती आहे. सापेक्षतावाद न शिकता त्याचा बराचसा परिणाम हाती लागतो. तुमच्यासाठी फायदा वेगळाच: गॅमा ५/३ ला केंद्रात गायब झालेला सोनिक पॉइंट यात ठराविक अंतरावर परत येतो. लांबचा ध्वनिवेग मुद्दाम मोठा, प्रकाशवेगाच्या एक-दोन टक्के घेतलात, तर सोनिक पॉइंट आणि कृष्णविवराची कड दोन्ही एकाच ग्रिडमध्ये मावतात आणि लॅपटॉपवर काम भागतं. मग गाईडच्या ५/३ वरही तुमचा कोड चालेल. मात्र लॅम्डा नेमका ०.२५ न येता थोडा सरकलेला येईल. तो का सरकला, ते रिपोर्टमध्ये लिहा.